मागे घेतलेलं आवतण

चाळीस वर्षं मी पनवेलमध्ये लोकांच्या घरची आवतणं केली. लग्न असो, हळद असो, अक्षतांचं ताट घेऊन दारोदार जायचं, चार दाणे हातावर ठेवायचे आणि सांगायचं, अमक्यांकडे अमक्या दिवशी या. घर सुटायचं नाही, दोनदा सांगावं लागायचं नाही. आमचे मालक वारल्यावर विधवेच्या हातच्या अक्षता नकोत म्हणून काही घरांनी नाक मुरडलं, पण बाकीच्यांनी ताट माझ्याच हाती दिलं. छापील पत्रिका पोचली तरी बायका म्हणायच्या, "आजी आल्या नाहीत, म्हणजे अजून बोलावणं नाही." माझी शाळा चौथीपर्यंत. माझ्याकडे होता तो हा शब्दच.

गुडघे गेले तेव्हा सुनेने मोबाईल हातात दिला आणि आळीतल्या बायकांच्या ग्रुपवर आवाज टाकायला शिकवलं. बटण दाबून बोलायचं, सोडलं की गेलं. दोन लग्नांची आवतणं मी अशी खाटेवर बसून केली. बायका आल्या. म्हटलं, बरं झालं, पाय वाचले.

मग तो मेसेज आला. बाजारातल्या साडीच्या दुकानाचा फोटो आणि खाली मजकूर. दुकानाला पंचवीस वर्षं झाली, भाग्यवान महिलांना पैठणी बक्षीस, दहा जणींना पाठवा म्हणजे कूपन उघडेल. दहा जणींना पाठवा, हे वाचून शंका यायला हवी होती. मला उलट ते बरोबर वाटलं. आवतण आपल्या दारात अडवायचं नसतं, शेजारी कळवायचं असतं, हे आमच्या हाडात भिनलेलं. मी मेसेज पुढे पाठवला आणि वर बटण दाबून बोलले, "बायांनो, दुकानवाल्यांनी बोलावलंय, पैठणी देतायत. एकीनेही मागे राहू नका."

आमच्या मागच्या खोलीत एक बाई राहायची, उरणकडच्या गावची. जासईला कंटेनरच्या यार्डात कामगारांचं जेवण करायची. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि हळदीचे पैसे तिने खात्यात जमवले होते. तिने कूपन उघडलं. पैठणी लागली म्हणे. ती घरपोच पाठवायचे नव्याण्णव रुपये भरायचे म्हणून तिने कार्डाचा नंबर घातला. लगेच फोन आला. गोड बोलणारा माणूस म्हणाला, ताई, मोबाईलवर आकडा आलाय तो सांगा. तिने सांगितला. खातं रिकामं.

सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. रडत नव्हती.

"काकी, तुमी सांगितला म्हनून केला मी. दुसऱ्या कुनी पाठवला असता तर हात पन लावला नसता."

मी तिला घेऊन बँकेत गेले. साहेबाने कार्ड बंद केलं, तक्रार लिहून घेतली आणि वर ऐकवलं, "आलेला नंबर कोणाला द्यायचा नसतो, एवढंही कळत नाही? शिका जरा."

मी म्हटलं, "आमच्या आळीतल्या बीए झालेल्या बाईंनीही तेच कूपन उघडलंय. त्यांनाही असंच बोलणार का?"

तो कागदात बघायला लागला. चोर तिकडे जेवून ढेकर देत असतील आणि बोलणी खायची हिने. त्याचा राग मला अजून आहे.

तिथून दुकानात गेले. मालकाने कपाळाला हात लावला. "आजी, आमचं नाही हे. सकाळपासून सात जणी येऊन भांडून गेल्या. आणि पंचवीस वर्षं कुठली? दुकानाच्या पूजेचं आवतण तुम्हीच केलं होतं ना? मी तेव्हा चड्डीत होतो. आता माझी मुलगी कॉलेजात जाते."

माझे कान तापले. त्या पूजेच्या वेळी माझा थोरला पहिलीत होता, आणि आता पंचेचाळिशीला टेकलाय. पंचवीस हा आकडा खोटा आहे, हे अख्ख्या पनवेलमध्ये सगळ्यांआधी मला कळायला हवं होतं. दुकान घरापासून दहा मिनिटांवर. आधी जाऊन विचारलं असतं तर काही गुडघे तुटले नसते. आवतण देणारा आपलं घर सांगतो, दिवस सांगतो. तो तुमच्या कपाटाची किल्ली मागत नाही. देण्यासाठी बोलावतो आणि आधी तुमच्याकडूनच घेतो, तो यजमान नव्हे, चोर. हे मला माहीत होतं. फोन हातात आला आणि मी विसरले.

सून म्हणाली, "आई, ग्रुपवर टाका ना, खोटं होतं म्हणून."

"फोनवर खोटं मीच बोलले. आता त्याच फोनवर खरं बोलले तर बायकांनी कुठलं धरायचं?"

काठी घेतली आणि निघाले.

पहिल्याच दारात हसणं. "आज ताट कुठाय आजी? कोणाचं लग्न?"

"कोणाचं नाही. पैठणीचं आवतण मागे घ्यायला आलेय."

"आवतण मागे घेतात होय?"

"घ्यावं लागतंय. ते कूपन उघडू नका. कोणी आकडा विचारला तर फोन ठेवून द्या."

एका घरात बाई कार्ड हातात घेऊनच बसली होती. ते मी काढून घेतलं आणि डब्याखाली ठेवलं. दुसरीकडे दाराआडून ऐकू आलं, "म्हातारीला पैठणी नेसायची हौस आली होती." ते खरंच होतं. मीही कूपन उघडायला बसले होते. ऐन वेळी चष्मा सापडला नाही म्हणून बचावले.

मागच्या खोलीतल्या बाईचे पैसे परत आले नाहीत. हळद ठरल्या दिवशीच झाली, पण मांडव नव्हता आणि माणसं अर्धी बोलवायची ठरली. हळदीच्या आठ दिवस आधी ती अक्षतांचं ताट घेऊन माझ्याकडे आली. ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

"आवतन तुमीच करा काकी. पन पायानं. फोनवर नाय."

मी गेले. दर दारात अक्षता हातावर ठेवल्या. पूर्वी बायका मूठ मिटून "येतो" म्हणायच्या. या वेळी मूठ उघडीच ठेवून आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या.

"आजी, खरं ना?"

प्रत्येक दारात मी "खरं" म्हटलं. चाळीस वर्षांत मला ते एकदाही म्हणावं लागलं नव्हतं.