दादाचा बारावा क्रमांक

माझा दादा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. पाव नंबर इकडचा तिकडे झालेला त्याला खपत नाही. त्याच खोलीच्या भिंतीवर तो दर महिन्याच्या एक तारखेला कागद चिकटवायचा: बुद्धिबळात जगातले सगळ्यात बलवान देश कोणते. देशाचे वरचे दहा खेळाडू घ्यायचे, त्यांच्या रेटिंगची, म्हणजे प्रत्येक हार-जितीला बदलणाऱ्या गुणांची, सरासरी काढायची, आणि त्याप्रमाणे देशांची रांग. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. चष्मा न्यायला आलेल्या माणसाला आधी हे ऐकावं लागे. चीन कुठे, अमेरिका कुठे, रशियाची एके काळी सद्दी कशी होती, आर्मेनियासारख्या चिमुकल्या देशाने तीनदा सांघिक सुवर्ण कसं नेलं.

"आणि आपण?" असं कोणी विचारलं की दादा घसा खाकरून म्हणायचा, "बायकांत आपण सध्या एकोणिसावे." जणू पटावर हाच बसतो. कोणाच्या गाई-म्हशी आणि कोणाला उठाबशी, असं मी त्याला चिडवायची. पुढे ती म्हण माझ्याच अंगलट आली, कारण त्या यादीत आमचीच पोर जाऊन बसली.

ठकी ही दादाची एकुलती एक लेक. वहिनी गेल्या तेव्हा ती चार वर्षांची होती. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच आहे. सहाव्या वर्षी दादाने तिला खेळ शिकवला आणि आठव्या वर्षी तिने त्याला हरवलं. हरल्याचा त्याला इतका आनंद की जिन्यातल्या प्रत्येक दारावर थाप मारून सांगून आला. जिंकली तर ठकी दोन-दोन पायऱ्या चढत घरी यायची. हरली तर तोच डाव पुन्हा मांडून बसायची, आणि जेवायला हाक मारली की "आत्या, पाचच मिनिटं" म्हणत तासभर यायची नाही.

सतराव्या वर्षी ती देशातल्या बायकांमध्ये दहावी आली, आणि बायकांच्या रांगेत आपला देश बारावा झाला. दादाने त्या महिन्याचा कागद लाल शाईने लिहिला. मालक काउंटरवरून ओरडले, "अहो, आज काचाही घासा जरा!"

तेराव्या देशात आणि आपल्यात जेमतेम दोन गुणांचं अंतर होतं. दादाने गणित मांडलं: ठकीचे वीस गुण गेले, की देशाचे दोन जातात. पुढच्याच आठवड्यात तिची स्पर्धा होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली.

"पुढची यादी येऊ दे, मग खेळ," दादा म्हणाला. "तिथे सगळे तुझ्यापेक्षा खालचे. जिंकलीस तर चिमूटभर गुण, आणि दोन डाव हरलीस की वीस गेले."

"पण बाबा, मी हरेनच कशावरून?"

"जिंकशीलच कशावरून?"

ठकीने बॅग उचलून आत नेली. स्पर्धेच्या ऑफिसात फोन मी केला. पोरीला ताप आलाय म्हणून सांगितलं. पोर शेजारी धडधाकट उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. कधी मी ताप सांगितला, कधी परीक्षा. यादी यायची, आपण बारावेच असायचो, दादा खूश. ठकी घरी एकटीच मोहरे हलवायची. हळूहळू तेही थांबलं. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आत्या, मी खेळाडू आहे की टेकू गं?"

"बाबा तुझ्या भल्यासाठीच करतात," मी म्हटलं. इतकं पोकळ वाक्य मी जन्मात दुसरं बोलले नसेन.

वर्ष असं गेलं. मग एका एक तारखेला आपला देश एकदम पंधरावा. ठकीचं नाव दहात नाही, पन्नासात नाही. दादाने बुद्धिबळ संघटनेच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वर्षभरात एकही डाव नाही ना त्यांचा. अशांना यादीत धरत नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांनी खेळ सोडला."

दादाला सगळ्या देशांच्या सरासऱ्या तोंडपाठ, पण हा नियम त्याने कधी वाचलाच नव्हता. अति तेथे माती, दुसरं काय.

"एक स्पर्धा खेळलीस की नाव परत येईल," तो म्हणाला. ठकी मुकाट्याने गेली. मी सोबत होते. दुसऱ्याच डावात ती मधेच उठून बाहेर माझ्या बाकावर येऊन बसली. तिच्या वेळेचं घड्याळ आत चालूच होतं.

"मोहऱ्याला हात लावला की वीस आणि दोन, एवढंच डोक्यात येतं गं," ती म्हणाली. "चाल दिसतच नाही मला."

त्यानंतर ती स्पर्धेला गेली नाही. आता ती एका दवाखान्यात रिपोर्ट टाइप करते.

गेल्या रविवारी दादाने घरी पट मांडला. पांढरे मोहरे तिच्या बाजूला ठेवले. "ठके, एक डाव खेळतेस? कुठे नोंद नाही, काही नाही. हरव मला."

ठकी हात पुसत आली, बसली. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं. दादाचा चेहरा उजळला. त्याने आपलं प्यादं उचललं आणि खाली ठेवलं, तोच ठकीने पटावरून हात पुढे केला.

"बरोबरी, बाबा?"

"अगं, आत्ता तर सुरू झाला डाव!"

"म्हणूनच. अजून तुमचं काही गेलेलं नाही."

ती रागाने बोलली असती तर एक वेळ बरं झालं असतं. ती मायेने बोलली. दादाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ती दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटत होती आणि म्हणत होती, "असू दे बाबा, असू दे."