पेन ड्राइव्ह धुऊन दिला

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेतली पोरं माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं काही चुकत नाही. गेल्या वर्षी फाल्गुनात मी समोरच्या वैनींच्या दारात उभी राहून चार घरांना ऐकू जाईल अशी ओरडले, "वैनी, माझी आई पुसून टाकली तुमी!"

झालं असं होतं. आई त्याच्या दोन महिने आधी गेली. शेवटची दीड-दोन वर्षं ती खाटेवर बसून बोलायची आणि मी मोबाइल शेजारी ठेवून रेकॉर्ड करायचे. तेलगावचं तिचं माहेर, कापूस वेचताना तिच्या आजीनं मारलेल्या हाका, तिच्या वडलांनी घरातले देव गोळा करून नदीत सोडले आणि त्या कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली तो दिवस, कोणत्या लग्नात कोण कसं रुसलं, असं सगळं. एकूण एकतीस रेकॉर्डिंगं होती. शेवटचं तिच्या शेवटच्या आठवड्यातलं. मोबाइल उशाशी चालू ठेवून मी पेज करायला आत गेले होते आणि ती एकटीच काहीतरी बोलत होती. नंतर ऐकू म्हटलं. ती गेल्यावर मग ऐकायचा धीरच होईना.

मोबाइलची जागा भरली तेव्हा मी ते सगळं उचलून पेन ड्राइव्हमध्ये टाकलं. उचलून म्हणजे कट-पेस्ट. इकडचं गेलं, तिकडं आलं, प्रत एकच. पोरांना एकेक शब्द पाच-पाच वेळा लिहायला लावणारी मी! माझ्याच हातावर पट्टी मारायला पाहिजे होती.

वैनींचं किराणा दुकान आहे. घर शंकराच्या भक्तांचं, सोमवारी तिथं चूल उशिरा पेटते. त्यांच्या मुलीचं लग्न आदल्या उन्हाळ्यात झालं होतं आणि त्याचं शूटिंग फोटोवाल्याकडं तसंच पडून होतं. ते आणायला त्यांनी पेन ड्राइव्ह मागितला. साखरेची वाटी द्यावी तसा मी दिला. आठ दिवसांनी हसत हसत आणून दिला आणि म्हणाल्या, "तुमचं जुनं काय व्हतं ते साफ करून घेतलं बरं का त्या फोटोवाल्याकडून. आन रिकामा कसा द्यावा, म्हणून आमच्या लग्नातलं थोडं टाकून आणलंय."

आता हे दुसरीकडं कुणी केलं असतं तर मी त्याला येडं म्हटलं असतं. आमच्या गल्लीत मात्र हीच रीत आहे. डबा आला की धुवायचा आणि काहीतरी घालून परत द्यायचा. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा आईनं पहिल्यांदा समोर धपाटे पाठवले होते आणि दोन दिवस दाराकडं बघत बसली होती. तिच्या आईला तेलगावात वरून पाणी वाढायचे, हे ती विसरली नव्हती. डबा परत आला तो लख्ख घासून, आत शेंगदाण्याची चटणी. आई म्हणाली, "नुसता धुऊन आला असता तर मी पुन्ना पाठवला नसता. भरून आलाय." त्यानंतर पंधरा वर्षं डबे येत-जात राहिले.

पण त्या दिवशी मला यातलं काही सुचलं नाही. वैनी दारात उभ्या राहून नुसत्या म्हणत राहिल्या, "कावून वो बाई, तुमच्या कॉम्प्युटरात नसंल का ते?" मी दार आपटून घरी आले. त्यांचा स्टीलचा डबा तेव्हा माझ्या ओट्यावर होता. तो तसाच राहिला.

रागात माणूस शहाणपणा करत नाही. शाळेतल्या कॉम्प्युटरवर मी 'पुसलेलं परत आणा, फुकट' असलं एक काहीतरी उतरवलं. त्यानं पाऊण तास चक्र फिरवलं, माझ्या फायलींची नावं ओळीनं दाखवली आणि शेवटी कार्डाचा नंबर मागितला. म्हणजे ताट दाखवायचं आणि जेवू द्यायचं नाही! नेकनूरच्या शाळेतून परत येताना एसटीत मी आमच्या गणिताच्या बाईंजवळ हे बोलले, बोलता बोलता रडलेसुद्धा. त्या म्हणाल्या, आमच्या भावाच्या कॉलेजात एक कॉम्प्युटर लॅबचे परिचर आहेत, पाली गावचे, त्यांना दाखवा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गेले. मला वाटलं होतं कुणी चष्मिस पोरगं असेल. निघाले निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, पांढरी टोपी, पायात स्लिपर. खोलीच्या कोपऱ्यात जुना डेस्कटॉप खटाखटा चालत होता आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'हा सर्व्हर आहे. यावर चहा ठेवू नये.' सगळ्या कॉलेजाचे निकाल, हजेऱ्या, नोट्स त्या खोक्यात राहतात म्हणे. भंगारात निघालेलं मशीन यांनीच उभं केलं होतं, आणि त्यातलं एकूण एक सॉफ्टवेअर फुकटचं. भिंतीवर उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या सूचना टाचलेल्या होत्या. अक्षर असं की मी वर्गात नमुना म्हणून लावलं असतं. 'आधी कॉपी, मग उघडून बघा, मग जुनं पुसा.' 'मशीन हळू झालं तर आधी बंद करून चालू करा, मग मला हाक मारा.' 'तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.'

मी म्हटलं, "भाऊ, फुकटचं घेतलं होतं मी, त्यानं फसवलं."

"ते फुकट नव्हतं ताई, तो गळ व्हता. खरं फुकटचं येगळं. कुठल्या कुठल्या देशातली माणसं रिकाम्या वेळात लिहित्यात आन सोडून देत्यात. घ्या, वापरा, चुकलं तर सांगा. मी तर एका पठ्ठ्याला चूक कळवली व्हती, डिक्शनरी घेऊन इंग्रजीत लिवलं. आठ दिवसांत त्यानं दुरुस्त करून धन्यवाद धाडलं!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं.

मी ड्राइव्ह पुढं केला आणि म्हटलं, "आधी ते लग्नाचं काढून टाका. मला ते डोळ्यांपुढं नको."

त्यांनी हात मागं घेतला. "न्हाई. आता यातलं काहीच पुसायचं न्हाई आन यात काहीच लिवायचं न्हाई."

"अहो, पण ते माझं नाही."

"कुणाचं का असंना. आदी हाय तसं सगळं उतरून घ्यायचं, मग त्या नकलेवर काय प्रयोग करायचे ते करू. मूळ वस्तूला हात लावायचा न्हाई." मग मला समजावून सांगितलं. फोटोवाल्यानं पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली आहे, पानं बहुतेक जागेवर असतील. पण लग्नाचे व्हिडिओ ज्या पानांवर लिहिले गेले, तिथलं खालचं गेलं. ते जगातल्या कुणालाच आणता येणार नाही. हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं, उगीच आशा लावली नाही. त्याबद्दल मी त्यांना अजून मानते.

काळ्या पडद्यावर त्यांनी दोन ओळी टाइप केल्या. चित्र नाही, बटण नाही, नुसते आकडे पळत होते. मी स्टुलावर बसून पदराचं टोक पिळत होते. पहिली फाइल आली ती नावाशिवाय, नुसता नंबर. त्यांनी लावली आणि खोलीत आईचा आवाज आला, "आगं, ते मोबाइल सरळ धर की!"

मी ढसाढसा रडले. ते उठून बाहेर गेले, परत आले तेव्हा दोन चहा होते. एक माझ्या हातात दिला आणि बजावलं, "त्या मशीनवर ठेवू नका."

एकतीसपैकी तेवीस आली. कापूस आला, नदी आली, रुसवे-फुगवे आले. त्यांनी एकेक ऐकून, मला विचारून, प्रत्येकाला नाव दिलं. दुपारचे चार वाजेपर्यंत बसले त्या कामाला. शेवटच्या आठवड्यातलं मात्र नाही आलं. तिथंच वैनींच्या मुलीचं लग्न लिहिलं गेलं होतं. माझा राग पुन्हा उसळला. म्हटलं, "बघा, नेमकं तेच गेलं. आता तरी पुसा ते लग्न."

"पुसतो. आमचा नेम हाय, उघडून बघितल्याबिगर पुसायचं न्हाई," असं म्हणून त्यांनी पहिला व्हिडिओ लावला.

मांडव. नवरा-नवरी नव्हतेच त्यात. खुर्चीवर आई बसलेली, हिरव्या लुगड्यात, शेजारी वैनी. दुसऱ्यात पण आई. तिसऱ्यात पण. पाच व्हिडिओ होते आणि पाचही आईचे होते. वैनींनी एवढ्या मोठ्या शूटिंगमधून तेवढंच वेचून आणलं होतं, आणि मी ते उघडलंसुद्धा नव्हतं.

शेवटच्या व्हिडिओत वैनी आईला साडी देऊन पाया पडतात. आई त्यांचा हात धरून ठेवते आणि म्हणते, "माझी लेक लई तापट हाय गं. तोंडाला येईल ते बोलती. माझ्यामागं तिचं मनावर घिऊ नको. डबा पाठवीत जा."

भाऊंनी व्हिडिओ बंद केला. त्यांनी मला सगळ्याच्या तीन प्रती करून दिल्या, त्यातली एक मी आणलेल्या नव्या पेन ड्राइव्हवर, आणि एक पैसा घेतला नाही. उलट एका पाठकोऱ्या कागदावर सगळ्या पायऱ्या लिहून दिल्या, पुढच्या वेळी माझं मला करता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे केले. ओट्यावरचा डबा घासला, भरला आणि समोर गेले. वैनींनी दार उघडलं. मी काय काय पाठ करून गेले होते, त्यातला एक शब्द आठवेना. डबा त्यांच्या हातात दिला आणि त्यावर तो नवा पेन ड्राइव्ह ठेवला.

"हे कावून?" त्या म्हणाल्या.

"एक प्रत दुसऱ्या घरात ठेवायची असती," मी म्हटलं. "यात आई हाय, वैनी. डबा धुवा. हे धुऊ नका."