नळीच्या पलीकडे कोण होतं?

मंडळी, इथे गोष्ट सांगायला जो तो 'माझा भुताखेतांवर विश्वास नाही' म्हणतच येतो. मी एक पायरी पुढे आहे... माझा माणसांवरही विश्वास नाही! साकोलीत बसस्टँडमागे माझा कॉम्प्युटर क्लास आहे, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई-जत्रेतल्या नाटकांत मी खलनायक रंगवतो. दोन्ही धंद्यांनी मला एकच शिकवलं – पडदा आपोआप हलला, की आधी दोरी कोणाच्या हातात आहे ते बघायचं. या गोष्टीतही मी दोरी शोधली. अगदी चवीनं शोधली, सासुरवाडीत एकेकावर संशय घेऊन शोधली!

माझा साळा दिलीप कोंढ्याला राहतो. नागपूरची नोकरी सोडून त्यानं घरामागच्या बोडीत, म्हणजे आमच्याकडच्या लहानशा तळ्यात, मासे सोडले. सासरे इतके भडकले की जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायचे. "एक मोसम देतो," त्यांनी बजावलं होतं. "मासे जगले तं तू खरा. मेले तं मुकाट्यानं नागपूरची गाडी धर."

पाण्यातला ऑक्सिजन घटला की अख्खी बोडी एका सकाळीत मरते. म्हणून मी त्याला एक जुगाड करून दिला. बोडीत ऑक्सिजन मोजणारा प्रोब, घरात लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर-डब्बा आणि स्क्रीन, छपरावर भोंगा. डब्ब्यात दोन प्रोग्राम – एक प्रोबचा आकडा सांगणारा, दुसरा ऐकलेलं स्क्रीनवर दाखवून भोंगा वाजवणारा. आणि दोघांच्या मधे एक नळी.

ही नळी तेवढी समजून घ्या, बाकी काही नाही समजलं तरी चालेल. ऑपरेटिंग सिस्टिमला 'एमकेनॉड' नावाचा कॉल दिला की ती खास प्रकारची फाइल बनवून देते. यादीत ती फाइलसारखीच दिसते, पण तिच्यात काही साठत नाही. एका टोकाला बोललं की दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, आणि ऐकलं की गेलं. मी करून दिलेली नळी एकाच दिशेनं चालत होती. आणि पलीकडे कोणी नसेल, तर अलीकडचा बिचारा नुसता ताटकळत राहतो. तिचं नाव मी ठेवलं होतं 'निरोप'.

भाद्रपदात प्रोब भलतेच आकडे सांगू लागला. मी तो दुरुस्तीला साकोलीला आणला आणि त्याचा प्रोग्राम बंद केला. डब्ब्याचा कीबोर्डही सोबत आणला, क्लासमधला एक बिघडला होता म्हणून. म्हणजे नळीच्या बोलणाऱ्या टोकाला आता कोणीच नव्हतं. ऐकणारा प्रोग्राम मात्र तसाच कान लावून बसलेला.

पुढे चार-पाच दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला – ऑक्सिजन घटायला नेमकी हवी तशी हवा. एका सकाळी मी क्लासचं शटर उचलतोय, तोच दिलीपचा फोन.

"भाऊजी, भोंगा काहून वाजवला तुम्ही?"

"मी? अरे, प्रोब माझ्या टेबलावर आहे!"

"मंग वाजला कसा? मी पवनीले निघालो होतो. गाडी चालू केली अन् हा बोंबलला. बोडीवर धावलो तं सारे मासे वर तोंड काढून राहिले न बा! हवेचं चाक चालू केलं, तवा कुठं खाली गेले. दहा मिनिटं उशीर झाला असता तं..."

मासे वाचले! मी मात्र लगेच संशयाला बसलो. ओलीनं वायर शॉर्ट झाली असणार. तेवढ्यात त्याच्या बायकोनं, वंदनानं, फोन घेतला. "भाऊजी, स्क्रीनवर एक शब्द आला आहे. इंग्रजी अक्षरात... 'बोडी'."

माझा प्रोग्राम फक्त आकडे पाठवतो. आणि वायर शॉर्ट झाली तरी शब्द लिहीत नाही!

मी कीबोर्ड उचलला आणि तडक कोंढा गाठलं. वंदना माझ्याच क्लासची विद्यार्थिनी, एमकेनॉड माझ्याकडूनच शिकलेली. पहिली आरोपी तीच. मी भुवई चढवली, आवाज खाली आणला. "वंदना... खरं सांग."

"मी गोठ्यात होती, भाऊजी, सासूबाईले विचारा. अन् मासे मरून राहिले हे मले दिसलं असतं, तं मी बोंबलली नसती का? कॉम्प्युटर कायले उघडत बसली असती?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय डब्ब्याला नेट नाही, पासवर्ड फक्त मला ठाऊक, आणि कीबोर्ड माझ्या पिशवीत.

कीबोर्ड जोडून मी फोल्डरची यादी काढली. तिथं एकच नळी असायला हवी होती. दोन होत्या. 'निरोप' आणि... 'निरोप२'. मला दुसरी बनवायची असती तर मीही हेच नाव दिलं असतं! क्षणभर मी स्वतःचीच उलटतपासणी घेतली.

"दुसरी कायले?" दिलीप.

वंदना हळूच म्हणाली, "एक नळी तिकडून इकडं बोलते न... ही आपल्याले बोलाले असंन."

खलनायक खुर्चीसकट मागे सरकला, मंडळी. पण समोर प्रेक्षक होते. मी मंडईत हसतो तसा गडगडून हसलो आणि दुसऱ्या नळीत टाइप केलं – 'कोण'. एंटर. पलीकडे ऐकणारं नसेल तर कर्सर परत येणार नाही, हे दोघांना आधीच सांगून ठेवलं होतं. आलाच नाही.

"बघा! कोणी नाही," मी जाहीर केलं.

"त्यानं मासे वाचवले, अन् तुम्ही पोलिसावानी 'कोण' विचारून राहिले?" वंदना फणकारली. "पयले आभार तं मानाव!"

मी चहाचा कप उचलला. ओठांना लावणार, एवढ्यात तीच पुटपुटली, "भाऊजी... आला."

कर्सर परत आला होता. कोणीतरी ऐकलं होतं.

मी डब्ब्यात चालू असलेले सगळे प्रोग्राम तपासले. त्या दुसऱ्या नळीला कान लावणारा एकही नव्हता. माझ्या 'कोण'ला उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. ओळखीच्या जाणकारांनी नाना कारणं सांगितली. एखादं कारण त्या शब्दाला पुरतं, तर तेच 'निरोप२'ला पुरत नाही. दोन्हींना पुरणारं कारण तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा. मी त्यावरही संशय घेईनच, पण कळवा!

दिवाळीआधी बोडीतले मासे काढले. सासऱ्यांनी पहिला रोहू दिलीपकडे तोंड करून खाल्ला, वर रस्साही मागितला. त्याच दिवशी मी दुरुस्त झालेला प्रोब पिशवीतून काढला, तर दिलीपनं माझा हात धरला.

"राहू द्या, भाऊजी. त्याची जागा कायले घेता? आहे न तिथं कोणीतरी."