घोडीची खाज आणि तांडेलाची खोप

घाटावरच्या त्या व्यापाऱ्यानं मला फसवलं, हे मी आजही म्हणतो. बायको म्हणते, पुरे झालं आता. पण मी शहाळ्याच्या हातगाडीपासून सुरुवात करून इथवर आलोय, आणि एवढ्या वर्षांत मला वस्तू विकून हसत घरी गेलेला माणूस एकच. तो.

घोडी घेतली तेव्हा थंडी होती. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटक वाढले होते, उंट आला होता, पाण्यातल्या स्कूटर आल्या होत्या. घोडा मात्र नव्हता. मी घाट चढून गेलो. पांढरी घोडी, मान बगळ्यासारखी, आयाळ नुकती न्हालेल्या बाईच्या केसांसारखी मोकळी. मी तिचे दात बघितले, खूर उचलून बघितले, डोळ्यांसमोर हात फिरवला, पळवून बघितली. व्यापारी सारखा म्हणत होता, "मालक, लेकरावानी हाय. खोड म्हणून न्हाई." दुपार कलेपर्यंत मी घासाघीस केली आणि घोडीवर खोगीर, लगाम, हरभऱ्याचं पोतं असं सगळं पदरात पाडून घेतलं. टेम्पोतून घाट उतरताना मी शीळ घालत होतो. इतक्या सुखासुखी कुणी खोगीर देत नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

तबेला मी खाडीच्या अंगाला बांधला. मागे कांदळवन, पुढे भरतीचं पाणी साठणारा सखल तुकडा. त्या जागेचं काय करावं हे मालकाला कळत नव्हतं, मला कळलं, म्हणून ती मला जवळजवळ फुकटात मिळाली. उन्हाळाभर घोडीनं तिथे राहून किनाऱ्यावर उत्तम काम केलं. पोरं बसली, आजोबा बसले, एक बाई पाठीवर बसून फोटो काढेपर्यंत रडल्या आणि उतरल्यावर परत बसल्या.

माझी नजर मात्र शेजारच्या तांडेलाच्या खोपीवर होती. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा आमचा तांडेल बोलतो तेव्हा पलीकडच्या होडीतला माणूस वळून बघतो. त्याची जुनी लाकडी होडी अजून चालू होती, पण ती ठेवायची खोप, थेट वाळूवरची, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली, बरीचशी मोकळी पडलेली. पर्यटक गाडीतून उतरला की पहिला पाय त्या खोपीसमोर. तांडेल ती कुणाला देत नव्हता. पण त्याच्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं, आणि पलीकडच्या वाडीतल्या एकाची वरात सजवलेल्या जीपमधून गेली होती, हे त्याच्या मनात सलत होतं.

"जीप काय, कोणय आणता," मी त्याला म्हटलं. "घोडी कोणाकडे आसा?"

तो बराच वेळ जाळं शिवत राहिला. मग म्हणाला, "घोडी माझ्या झिलाच्या वरातीक. खोप तुका. पण एक आयक. घोडी शोभाक होयी. सगळ्या केसांनिशी."

केसांचं त्यानं उगाच घातलं, असं मला तेव्हा वाटलं. मी हात पुढे केला.

पाऊस सुरू झाला आणि घोडी शेपटीचं मूळ खुंटीला घासायला लागली. गणपती गेले तोवर खुंटी गुळगुळीत झाली होती आणि शेपूट वरच्या अंगाला भांडी घासायच्या काथ्यासारखं. आयाळीचे पुंजके गळाले, मानेवर खपल्या धरल्या. दिसेल त्या वस्तूला ती अंग लावायची. विजेचा खांब, आमच्या तुळशी वृंदावनाचा कोपरा, माझी उभी केलेली मोटारसायकल. हंगामाच्या पहिल्याच दिवशी पुण्याहून आलेल्या एका गाडीला तिनं इतक्या मनापासून पाठ लावली की गाडीचा आरसा वाळूत पडला. मालक गाडीत झोपले होते. ते जागे झाले तेव्हा खिडकीत घोडीचं ढुंगण होतं.

तांडेल कमरेवर हात ठेवून आला.

"तुझी घोडी माझ्या माडाक खाजयता. माड पडलो तर?"

"ओ तांडेलांनू, माड घोडयेन पडतत?"

"तिका खरूज आसा. सगळी वाडी बोलता. आमच्या नवऱ्याक खाज लागली तर पोरगी पयल्याच दिवशी म्हायेराक जायत." मग आवाज खाली आणून, म्हणजे तीन घरांना ऐकू जाईल एवढ्यावर आणून, तो म्हणाला, "मी जीप सांगू काय?"

जीप म्हणजे खोप गेली. मी व्यापाऱ्याला फोन लावला आणि मनातलं सगळं बोललो. त्यातलं इथे लिहिण्यासारखं फार थोडं आहे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्याकडं कदी खाजवली न्हाई, मालक. देवाशपथ."

"मग इथे काय हौसेने खाजवते?"

"तुमच्या हवेत काय असंल ते मला काय ठावं?"

म्हणजे दोष आता समुद्राच्या हवेचा. मी फोन आपटणार होतो, पण तो माझा होता.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तबेल्यात आल्या, तेव्हा घोडी मागचा पाय आपटत होती. बाईंनी मान बघितली, शेपूट उचलून बघितलं, भिंगातून खपल्या बघितल्या. मग घोडीकडे पाठ करून बराच वेळ त्या माझा तबेला बघत राहिल्या, तेव्हाच मला शंका आली.

"खरूज नाही. ही अॅलर्जी आहे," त्या म्हणाल्या. "ही बारीक चिलटं दिसतात ना, त्यांच्या चावण्याची. काही घोड्यांना ती सोसत नाही. दुसऱ्या जनावराला लागत नाही, माणसाला तर नाहीच."

"म्हणजे व्यापाऱ्याने लपवलं."

"घाटावर, थंडीत, कोरड्या हवेत चिलटं नसतील. तिथे तिला खाज आलीच नसेल."

"पण रोग तर होता ना आत?"

"तुम्हाला घोडी बरी करायची आहे की भांडण करायचं आहे?"

दोन्ही, असं मी म्हणणार होतो. बायकोनं मागून माझा सदरा ओढला.

औषध बाईंनी दिलं, पण म्हणाल्या, खरा उपाय चिलट चावू न देणं हाच. संध्याकाळ व्हायच्या आत घोडी आत घ्यायची, सकाळी ऊन वर आल्यावर बाहेर काढायची. लीद साठू द्यायची नाही. साचलेलं पाणी काढून द्यायचं. अंगावर बारीक विणीची झूल घालायची. आणि वारा हवा. चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही, म्हणून तबेल्यात पंखा लावायचा. जाताना त्या बाहेरच्या डबक्याकडे बघून म्हणाल्या, "जमलं तर जागाच बदला. वाऱ्याची जागा बघा."

वाऱ्याची जागा! तांडेलाच्या खोपीत समुद्रावरून इतका वारा येतो की त्याचं कॅलेंडर कधी एका महिन्यावर राहत नाही. खोप मिळाली तर खाज जाईल, आणि खाज गेली तरच खोप मिळेल. आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण इतकी घट्ट गाठ मला कुणी घातली नव्हती.

सगळ्यात आधी मी पंखा नेला. घरात एकच चांगला पंखा होता.

"ओ," बायको दारात उभी राहून म्हणाली, "घोडयेक पंखो आणि माका पुठ्ठो?"

"तुळशीच्या लग्नापर्यंत."

"माझ्या लग्नात तुम्ही माका काय दिलास, ता आठवतास काय?"

मी आठवून बघितलं नाही. पण झूल तिनंच शिवली. मच्छरदाणीची करून बघितली, तर ही चिलटं तिच्या भोकांतून वाट काढत होती. मग तिनं पेटीतली एक जुनी नायलॉनची साडी काढली, दाट विणीची, गुलाबी जमिनीवर मोठी पिवळी फुलं. मानेपासून शेपटीपर्यंत घोडी तिच्यात बसली. पोटाखाली नाड्या, शेपटीला वेगळा खिसा. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरून निघाली तेव्हा पाणवठ्यावरच्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या.

"गो बाय, खंय चललंस? हळदीकुंकवाक?"

"ओटी भरूक होयी तिची," दुसरी म्हणाली.

ती साडी माझ्या सासूबाईंनी दिली होती, हे बायकोनं मला नंतर सांगितलं. सासूबाई लग्नाला येणार होत्या, हे त्याच्याही नंतर.

मी डबक्याला चर खणून पाणी खाडीत सोडलं. लीद रोज उचलली. पंखा फिरत राहिला आणि आम्ही घरात पुठ्ठ्यानं वारा घेत राहिलो. हळूहळू खपल्या पडल्या. मानेवर आधी लव आली, मग शाळेत नाव घातलेल्या पोराच्या डोक्यावर असतात तसे आखूड, ताठ केस. तांडेल दर दोन-चार दिवसांनी येऊन साडी वर करून बघायचा आणि केस ओढून खात्री करून जायचा. एकदा फक्त म्हणाला, "येता हा, येता हा." त्या दिवशी मी त्याला चहा पाजला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नेमकी वीज गेली. पंखा थांबला. सकाळी बघितलं तर घोडीनं शेपटीच्या मुळाशी पुन्हा घासून तळहाताएवढी जागा लाल केली होती. मी औषध लावलं, शेपटीला गोंडे बांधून ती जागा झाकायची असं ठरवलं आणि गोंडे आणायला बाजारात गेलो. बायको लग्नघरी.

परत आलो तर वास मला वळणावरच भेटला.

तांडेल तबेल्यात उभा होता, धोतर खोचलेलं, हातात मोठा ब्रश, पायाशी डबा. घोडी तुपात तळून काढल्यासारखी चकाकत होती.

"ह्या काय लायलास?"

"मोरयेचा तेल," तो अभिमानानं म्हणाला. मोरी म्हणजे शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल लाकडी होडीला चोपडतात, कीड लागू नये म्हणून. "रात्री लाइट गेली तेव्हाच माझ्या ध्यानात इला. होडयेक कीड लागणा नाय ती ह्याच तेलान. घोडयेक कशी लागात?"

"घोडी आणि होडी एक आसा? तांडेलांनू, वास येता हा! नवरो बसतलो हिच्यार!"

"वास? ह्यो वास नाय. लग्नाक येतली माणसां सगळी दर्यातलीच. त्यांका काय कळणा नाय."

माझा हात डब्याकडे गेला होता. डबा मी खाडीत भिरकावणार होतो, कदाचित तांडेलाच्या दिशेनं. आणि तेवढ्यात, रागाच्या अगदी टोकावर, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी हात मागे घेतला.

"तेल कोणी लायला?"

"मी."

"म्हणजे घोडी आता आसा तशी तुमच्या पसंतीची?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, ब्रशकडे बघितलं. मुरलेला माणूस, लगेच ओळखलं त्यानं कुठे सापडलो ते.

"केस आसत सगळे," मी म्हटलं. "वास तुमचो."

त्यानं ब्रश डब्याच्या काठावर पुसला. मग म्हणाला, "वरात होऊंदे. मग खोप."

"खोप आता. चावी वरातीनंतर."

"बरां," तो म्हणाला, आणि उरलेलं तेल घोडीच्या कानांमागे लावलं.

वरात संध्याकाळी निघाली, खाडीच्या रस्त्यानं, कारण देवळाकडे तोच रस्ता. नवरा सुटाबुटात बसला, नाकाला रुमाल लावून. लोकांना वाटलं, लाजतो. बँड पुढे, घोडी मध्ये, आणि घोडीच्या मागे वाडीतली मांजरं. पहिल्या वळणावर चार, मग मी मोजायचं सोडलं. सासूबाई माझ्या शेजारी चालत होत्या. त्यांनी एकदा घोडीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. आज तिच्या अंगावर साडी नव्हती, एवढ्यासाठी मी तेलाचे आभार मानले.

कांदळवनाजवळ आलो आणि चिलटं उठली. आधी क्लॅरिनेटवाल्यानं एका हातानं मान चोळली आणि सूर वाकडा गेला. मग ढोलवाला एका काठीनं ढोल आणि दुसरीनं पाठ वाजवायला लागला. नवऱ्याचे काका वाकून पायमोजे खाली ओढू लागले. बायकांचे गजरे हलायला लागले. नवरा डोक्यावरचा मुंडावळीचा बंद सरकवून कपाळ खाजवत होता. अख्खी वरात खाजवत, चापट्या मारत, उड्या मारत चालली होती आणि व्हिडिओवाला ओरडत होता, "नाचा, नाचा, मस्त दिसता!"

त्या सगळ्यात एकटी घोडी संथ पावलं टाकत चालली होती. शेपूट नाही, कान नाही, काही हललं नाही. चिलटं तिच्याजवळ येत आणि वासानं म्हणा, चिकट तेलानं म्हणा, मागे फिरत. तांडेल पायाची पोटरी खाजवत खाजवत माझ्याजवळ आला.

"बघतंस मा?" तो म्हणाला. "होडयेक लायतंव ता तेल."

त्यानं कंबरेच्या कडदोऱ्यातून चावी सोडवून माझ्या हातात दिली. वरात अजून देवळाला पोचायची होती. बहुधा एक हात खाजवायला मोकळा हवा होता त्याला.

दुसऱ्या दिवशी मी घोडीला साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं आणि खोपीत नेऊन बांधलं. वारा तिच्या उरलेल्या आयाळीत शिरला. तिनं नाक समुद्राकडे केलं आणि एकदाही पाठ खांबाला लावली नाही. पंखा घरी परत आला. पावसाळ्यात वारा पडतो त्या चार संध्याकाळी अजून साडी लागते, आणि तेल मी कुणाला न सांगता शेपटीच्या मुळाशी बोटभर लावतो. मांजरांना मात्र कळतं.

गेल्या हिवाळ्यात व्यापाऱ्याचा फोन आला. घाटावर एका मोठ्या वरातीसाठी शांत पांढरी घोडी हवी होती. त्यानं कुठूनतरी आमच्या वरातीचा व्हिडिओ बघितला होता.

"मालक, ती परत द्या. वर शिंगरू देतो."

शिंगरू! आजवर मला आपणहून वर काही देणारा हा पहिलाच. म्हणजे घोडी किती मोलाची, हे त्याला ठाऊक होतं आणि तेव्हाही ठाऊक असणार.

"तिला खाज आहे," मी म्हणालो.

"माझ्याकडं कदी खाजवली न्हाई," तो म्हणाला.

"मग तेव्हाच विकायची नव्हतीस," मी म्हणालो आणि फोन ठेवला. खोगीर मात्र त्यानं जुनंच दिलं होतं, हे सांगायचं राहून गेलं. ते पुढच्या फोनवर सांगेन.