बापाकडची खूण

आमच्या वडिलांना घराण्याचं भारी वेड. मी अकोल्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, त्यामुळे निवृत्तीनंतर डोकं खायला त्यांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. बापाकडून मुलाकडे जाणारी एक खूण रक्तात असते आणि ती जुन्या इराणी, आर्यभाषी लोकांत सापडते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. "आपल्यातबी ते असनच," म्हणाले. ती इकडे सगळ्या जातींत, आदिवासींतही सापडते, हे मी सांगितलं. त्यांनी कानाआड केलं. मुलींना ही खूण मिळतच नाही, म्हणजे या कौतुकात मी कुठेच नव्हते. तरी चाचणी मागवली मीच.

एकट्याच्या थुंकीवर त्यांचं भागेना. अकोटजवळ शेती सांभाळणाऱ्या धाकट्या काकांचीही हवी. तपासणीसाठी काकांना थोडा वेळ तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडावा लागला आणि तेवढा वेळ त्यांनी आम्हाला शिव्या घातल्या.

निकाल आला. इराणवाली खूण काकांत होती. वडिलांची वेगळीच निघाली. सख्ख्या भावांत असं होत नाही; दोघांचे बाप वेगळे होते.

वडील आतल्या खोलीत गेले, ते जेवायलाही बाहेर आले नाहीत. ज्या खुणेचा गाजावाजा केला तीच घराण्याची, असं धरून त्यांनी स्वतःलाच घराबाहेर काढलं. खरं तर दोघांपैकी आजोबांचा कोण, हे चाचणी सांगतच नव्हती. पण वडिलांना आत घ्यायचं तर काकांवर बोट दाखवावं लागत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी निकालाचा कागद घडी घालून ठेवून दिला.

त्या वर्षीही बोंडअळीनं घात केला होता. जो काही कापूस फुटला, त्याच्या वेचणीआधी सीतादहीची पूजा करायची होती. वावरात दहीभाताचा नैवेद्य असतो आणि आमच्याकडे तो घरातला थोरलाच दाखवतो. वडील जाईनात. शेवटी काका एसटीनं अकोल्याला आले.

"बाया थांबल्या वावरात. चाल, भाऊ."

"मी कायचा थोरला? मी त्या घरचा नाही," वडील म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून वं, याचाच बाप दुसरा, असं लिवलं हाय का त्याच्यात?"

"नाही," मी म्हणाले. "कोणाचा, ते कळत नाही."

"मंग मीच बाहेरचा. झालं? आता चाल, आभाळ येऊन राहिलं."

वडील ढसाढसा रडले. मग गेले, नैवेद्य दाखवला. मला वाटलं, मिटलं.

कसलं मिटतंय! दोघांपैकी कोणी लहानपणी दत्तक आलेलाही असेल, हे मी किती वेळा सांगितलं. पण संशय गेला तो सरळ आजीवर. घरी येताच वडिलांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवून कपाटात पालथा ठेवला. आजोबांचा तिथेच राहिला. मला संताप आला, अजूनही येतो. बिचारी मेल्यावरही सुटली नाही.

दिवाळीला काका येतात, कपाट उघडतात, फोटो पुसून हार घालतात. वडील तेवढा वेळ अंगणात जाऊन बसतात. काका गेले की फोटो पुन्हा पालथा होतो.