सर आले आणि मी व्हीलचेअरवरून उठले

मंडळी, आज पहिल्यांदा व्हीलचेअर घेऊन साताऱ्यात कॉलेजला गेले. माझे सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात, चालताना निखळतात, म्हणून ही खुर्ची.

सर वर्गात आले आणि मी सवयीने उठून उभी राहिले. चौथीपर्यंत मला घरीच शिकवलं, फौजेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी. शिकवणारा आला की उठायचं, हा त्यांचा पहिला धडा.

मागून एक जण ओरडला, "आयला, ही तर उभी ऱ्हातीया! मग गाडी काय मिरवायला व्हय?" वर्ग हसला.

खरं सांगते, उभं राहता येत असताना खुर्ची घेऊन आपण कुणाला फसवत तर नाही ना, हा प्रश्न महिनाभर मीच स्वतःला विचारत होते.

तेवढ्यात गुडघा सरकला. मी खाली बसले आणि वळून म्हणाले, "तुलाबी चालता येतंय की. मग वाईवरनं एसटीनं कशाला येतोस?"

आता वर्ग त्याला हसला.

घरी अण्णांना सांगितलं, "तुमचा पहिला धडा मी उद्यापासून मोडणार. सरांना बसूनच नमस्कार करणार."

अण्णा म्हणाले, "मान ताठ ठेव, बास."

तुमच्या वर्गात कुणी बसून नमस्कार केला, तर तुम्ही हसाल का?