लांब रोटीचा हात

आमच्याकडची लांब रोटी ज्यानं पाहिली नाही, त्याला ती नुसती सांगून समजत नाही. कणिक इतकी सैल भिजवायची की नवख्या बाईला वाटावं, आता हिचं काही खरं नाही. मग तिला परातीत आपटून आपटून तार आणायची. ओल्या हातांवर गोळा घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवायचा, आणि ती पसरत पसरत कोपरापर्यंत आली की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकायची. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत हे काम माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

टाकणारी मी आणि काढणारे हे. सरकारी नोकरीतला माणूस, पण आंब्याच्या दिवसांत संध्याकाळी लुंगी खोचून चुलीपाशी बसायचा. रोटी मडक्यावरून बोटांनी अलगद उचलायचा आणि रुमालासारखी घडी घालून ठेवायचा. बाया हसायच्या, बाबूजींची ड्यूटी लागली म्हणून चिडवायच्या. यांना त्याचं काही वाटायचं नाही. अर्धी गल्ली आमच्या अंगणात रस-रोटी जेवून जायची आणि आम्ही दोघं सगळ्यात शेवटी बसायचो.

हे गेले. त्या वर्षी आंबे आले तसे गेले, घरात कोणी रस काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात मोहगावच्या बगीच्यातून संत्र्यांनी गच्च भरलेलं क्यारेट आलं. गाडीवाला दारातच ठेवून निघून गेला. उचलायला घरात दुसरं होतं कोण? मीच उचललं. उजव्या खांद्यात कट्ट झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि संध्याकाळपर्यंत दंडाचा गोळा कोपराकडे उतरून बसला. मी म्हटलं, चमक भरली असेल. बोरगावच्या एका बाईकडून तेल लावून चांगली रगडून घेतली. दंड हिरवानिळा झाला, तेव्हा कुठं अक्कल आली आणि नागपूर गाठलं.

डॉक्टरनं प्लास्टिकचा खांदा हातात घेऊन समजावलं. दंडाच्या स्नायूला वर खांद्यात बांधून ठेवणारी एक दोरी असते, तीच झिजून तुटली होती. या वयात पुष्कळ लोक ती तशीच सोडून देतात, म्हणाला. ताकद थोडी कमी राहते, पण रोजची कामं होतात. ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही.

पुण्याहून पोरगा आला होता. तो आता तिकडचं मराठी बोलतो. "आई, गरज काय आहे? स्वयंपाकाला बाई लावू," म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. तिथं बेसिनजवळ नॅपकिन टांगला होता. तो मी नळाखाली ओला केला आणि डाव्या हातावरून उजव्या हातावर झुलवायला लागले. दुसऱ्याच झोक्याला उजवा हात खाली आला, नॅपकिन फरशीवर पडला आणि दुखण्यानं माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मले हे करायचं आहे," मी डॉक्टरला म्हटलं. "बाकी ते दोरी तुम्ही कुठीबी बांधा."

तो हसला नाही. फरशीवरचा नॅपकिन त्यानं स्वतः उचलला आणि तारीख दिली.

दोरी परत खांद्यात लावलीच नाही. तिचं खाली घसरलेलं टोक वर ओढून दंडाच्या हाडाला बारीक स्क्रूनं पक्कं केलं. सुतारकामच म्हणायचं. सुटी होती तोवर पोरगा राहिला, मग गेला. हात झोळीत, आणि चहाचा कपसुद्धा त्या हातानं उचलायचा नाही. गल्लीतून सुरुवातीला डबे आले, मग ज्याच्या त्याच्या घरी लग्नंकार्यं निघाली. मी डाव्या हातानं वाकडी वेणी घालायची, डाव्या हातानं जेवायची, आणि दिवसभर कोणाशी बोलायची नाही. खूप एकटं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण सगळ्याचं खापर मी हातावर फोडायची. स्वयंपाकात मन नाही, हात दुखतो म्हणून. कोणाकडे जावंसं वाटत नाही, हात झोळीत आहे म्हणून. एकदा हात बरा झाला की बघा, असं मीच मला म्हणायची.

झोळी सुटली. व्यायाम सुरू झाले. डॉक्टरनं मोकळीक दिल्यावर मी यांचा जुना पंचा काढला, ओला केला आणि रोज सकाळी अंगणात झुलवायला लागले. आधी उजवा हात अर्ध्यात थांबायचा. मग थोडा वर गेला. मग एका सकाळी पंचा सरळ कोपरापर्यंत येऊन पडला. मी एकटीच हसले.

आंबे आले होते. गल्लीत बोलावणं केलं नाही. हातानं दगा दिला तर सगळ्यांसमोर फजिती कोण करून घेणार? म्हटलं, पहिल्यांदा आपली आपण करून बघू. दुपारी कणिक भिजवली, थांबत थांबत आपटली. रस काढून झाकून ठेवला. उन्हं उतरल्यावर चूल पेटवली, मडकं पालथं घातलं.

पहिली रोटी हातावरच फाटली. दुसरा गोळा घेतला. झुलवला. दंडात ओढ बसली, पण दुखलं नाही. रोटी पसरली, मनगट झालं, कोपर झालं, आणि मी ती टाकली. मडक्यावर अशी बसली म्हणता, कुठं भोक नाही, कुठं सुरकुती नाही. बाप्पा, काय आनंद झाला मला! हात आला होता माझा.

टाकलेल्या रोटीकडे टाकणारीनं बघायचं नसतं, पुढचा गोळा घ्यायचा असतो. तो मी घेतलाही. झुलवता झुलवता करपल्याचा वास आला.

"काढा ना जी," मी मागे न बघता म्हटलं. "जळून राहिली."

गोळा हातावर तसाच थांबला. रोटी आधी एका कडेनं काळी पडली, मग मधून. दोन हात माझे धड होते, मडकं हाताशी होतं. मी ती जळू दिली.